माळवद उकरून खाली सोडलेला माणूस आणि चोवीस तक्ते

गेल्या सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला गेले होते, तेव्हा तिथल्या एका पुस्तकांच्या स्टॉलवर हा संच दिसला. येशूच्या चमत्कारांचे चोवीस रंगीत तक्ते, पुढं चित्र, मागं शिकवणाऱ्यासाठी मजकूर, वरून स्पायरल. किंमत साडेआठशे. मी गंगापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या मानधनातून साडेआठशे रुपये काढायचे तर चार वेळा विचार करावा लागतो. स्टॉलवर उभ्यानंच सहा-सात तक्ते मागून वाचून काढले, पण खरं तर पहिला तक्ता वाचला तेव्हाच घ्यायचं ठरलं होतं.

त्या पहिल्या तक्त्यावर चमत्कारच नाही. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेला येशू बसलाय आणि पुढ्यात दगड पडलेत. सैतान म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर. तो करत नाही. मागं दोनच ओळी आहेत: स्वतःच्या भुकेसाठी यानं एक भाकरही केली नाही, हाच पुढं पाच हजारांना जेवू घालणार आहे, लेकरांना हे आधी सांगा. अकरा वर्षं मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आणि दरवर्षी सुरुवात काना गावातल्या लग्नापासूनच करत आले. पाण्याचा द्राक्षारस झाला की लेकरं टाळ्या वाजवायची, त्यांना वाटायचं येशू जादूगार आहे. त्याला अशीही ताकद होती आणि ती त्यानं स्वतःसाठी वापरली नाही, हे आधी सांगायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. या संचानं शिकवलं.

आमच्याकडं ही गोष्ट फार जपून शिकवावी लागते. आमच्या गावचे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी, स्वभावानं चांगले, मला म्हणाले, "बाई, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तुम्ही लेकरांना चमत्कार शिकवता?" मी त्यांना बसवलं आणि बायबल पुढं ठेवलं. म्हटलं, गुरुजी, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवायचं आणि पैसा उकळायचा, हे त्या कायद्यात गुन्हा आहे आणि ते बरोबरच आहे. आता हे बघा. कुष्ठरोगी बरा केला, तर येशू त्याला सांगतो, कुणाला बोलू नकोस. परूशी पंथाचे लोक म्हणतात आकाशातून चिन्ह दाखव, तर तो नाही म्हणतो आणि नावेत बसून निघून जातो. हेरोद राजा चमत्कार बघायला मिळेल म्हणून वाट बघत बसलेला, तर त्याच्यापुढं हा तोंडातून शब्द काढत नाही, आणि तेव्हा तर जीव वाचवायची वेळ होती. पैसा तर कुठंच नाही. गुरुजींनी लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या जीवनकथेचा, तेविसावा अध्याय दोनदा वाचला. त्यांना सगळं पटलं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या रविवारी त्यांनी शाळेची चटई वर्गासाठी दिली.

या संचात चमत्कार हा शब्द कमी आणि चिन्ह हा शब्द जास्त आहे, ते मला फार बरं वाटलं. योहानाच्या शुभवर्तमानात हाच शब्द आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही ५४७ पासून ५५० पर्यंतच्या परिच्छेदांत हेच सांगितलंय, की ही देवाच्या राज्याची चिन्हं आहेत, लोकांची उत्सुकता भागवायला केलेले खेळ नाहीत. चिन्ह म्हणजे बोट. बोट कुठं दाखवतंय ते बघायचं, बोटाकडंच बघत बसायचं नाही. बहुतेक तक्त्यांच्या मागं "चिन्ह काय दाखवतं?" असा एक चौकोन आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणी चांगला लिहिलाय.

आता चित्रांबद्दल.

सातवा तक्ता कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाचा. चौघंजण त्याला खाटेसकट घेऊन येतात, दारात गर्दी, आत जायला वाट नाही, म्हणून छपरावर चढतात आणि छप्पर उघडून त्याला येशूपुढं खाली सोडतात. चित्रात उतरतं छप्पर आहे, लालभडक कौलांचं. कोकणात शोभेल असं. मी तक्ता उलटायच्या आधीच मागच्या रांगेतला एक पोरगा बोलला, "बाई, कौलावर चौघं खाट घेऊन उभं राहिले तर घसरून पडतील की!" खरं आहे. चित्रकाराला दोष देता येत नाही, लूकनं कौलं असंच लिहिलंय. पण मार्कनं लिहिलंय की त्यांनी छप्पर उकरलं. उकरायला माती लागते. त्या भागातली छपरं लाकडाच्या आडव्या सरांवर काटक्या-पाला आणि त्यावर थापलेली माती अशी होती, आणि भिंती काळ्या दगडाच्या. कफर्णहूमचा दगड बेसाल्ट, आपला दगडही बेसाल्ट. म्हणजे ते घर आपल्या माळवदाचंच, मातीच्या सपाट छपराच्या घराचंच भावंड.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि वर्गाला शेजारच्या आजींच्या घरी नेलं. गावात अजून तीन-चार माळवदं उभी आहेत, त्यातलं ते एक. आतून लेकरांना वर बघायला लावलं: सर, त्यावर चिपा, त्यावर तुराट्या, आणि वर हातभर पांढरी माती. दरवर्षी मिरगाच्या आधी आजी नवी पांढरी माती टाकून घेतात, नाहीतर गळतं. मधोमध उजेडाला साणं आहे. एक मुलगी म्हणाली, "मग साण्यातून का नाही सोडला?" दुसरी म्हणाली, "अगं, खाट कशी मावंल?" आणि त्यांनी तिथं खरोखर हातानं मोजलं. साणं दीड वीत. मग सगळी वर चढली, जिन्यानं, आणि मी विचारलं, हे उकरलं तर खाली काय पडेल? माती, चिपा, सरपटणारं काहीबाही, सगळं येशूच्या अंगावर. आजी खालून ओरडल्या, "माझ्या घराला हात लावू नका रं!" मी म्हटलं, हेच. कुणाचं तरी घर होतं ते. त्या घरमालकानं काय म्हटलं ते शास्त्रात लिहिलेलं नाही. येशू मात्र अंगावर माती पडत असताना रागावला नाही, त्यानं त्या चौघांचा विश्वास पाहिला.

आणि बोट कुठं दाखवतंय? येशू आधी म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. चालणं नंतर. शास्त्र्यांना राग येतो तो क्षमेचा, बरं करण्याचा नाही. तक्त्याच्या मागं हे नीट दिलंय आणि कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या संस्काराशी जोडलंय. पहिल्या कम्युनियनच्या तयारीला बसलेल्या लेकरांसाठी याहून चांगला धडा माझ्याकडं नाही. छपाई करणाऱ्यांना एवढीच विनंती, की मराठवाड्यात विकायचा असेल तर हा एक तक्ता मातीच्या छपराचा करा. लेकरांच्या आज्याच्या घरावर येशूची गोष्ट घडू शकते, हे त्यांना चित्रातून दिसू द्या.

पाच भाकरींच्या तक्त्यातही तेच. मराठी बायबलमध्ये भाकरी आहे, योहान तर जवाच्या भाकरी म्हणतो, म्हणजे गरिबाचं अन्न, जसं पूर्वी आपल्याकडं ज्वारीचं होतं. चित्रात मात्र फुगलेले गोल पाव. "बाई, हे तर वडापावचे पाव हायेत." मी त्या दिवशी घरून पाच भाकरी करून नेल्या, टोपल्यात फडक्यात गुंडाळून. एकूण सतरा लेकरं. भाकरी मोडून हातोहात दिली आणि उरलेले तुकडे गोळा करायला लावले, कारण येशूनं तेच सांगितलंय: उरलेलं गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत आलेला हा एकच चमत्कार. मागच्या मजकुरात घेतल्या, आशीर्वाद दिला, मोडल्या, दिल्या ही चार क्रियापदं ठळक छापली आहेत आणि विचारलंय, हे शब्द तुम्ही अजून कुठं ऐकता? एका मुलीनं लगेच सांगितलं, मिस्साच्या उपासनेत, फादर म्हणतात तेव्हा. यासाठी संच करणाऱ्यांना मनापासून धन्यवाद. ही चार क्रियापदं मी वर्षानुवर्षं वाचत होते आणि कधी एका माळेत ओवली नव्हती.

काना गावच्या लग्नाच्या तक्त्याबद्दल माझी तक्रार आहे. चित्र सुंदर, सहा दगडी रांजण मोठे काढलेत. मजकुरात दोन-तीन मण असं जुनं माप दिलंय, त्याचा लेकरांना काय बोध होणार? आजच्या हिशेबानं एका रांजणात साधारण ऐंशी ते एकशेवीस लिटर. सहांचे मिळून पाचशे ते सातशे. आमच्या लेकरांनी लगेच ड्रम मोजले, टँकर आला की दारापुढं ठेवतो ते दोनशे लिटरचे. "म्हणजे अडीच ते साडेतीन ड्रम! एवढं कुणी भरलं?" उन्हाळ्यात पाण्याच्या रांगेत उभं राहिलेलं लेकरूच असा प्रश्न विचारतं. चाकरांनी भरलं, काठोकाठ भरलं. आणि योहान पुढं लिहितो, कारभाऱ्याला कळलं नाही हा द्राक्षारस कुठून आला, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. ज्यांनी घागरी वाहिल्या त्यांनाच ठाऊक होतं. हे वाक्य संचात घेतलेलंच नाही. माझ्या वर्गात ज्यांच्या आया दोन-दोन किलोमीटरवरून पाणी आणतात, त्यांच्यासाठी हेच वाक्य सगळ्यात मोठं आहे.

दुसरं. त्याच दिवशी एक मुलगी मला वर्ग सुटल्यावर हळूच म्हणाली, "बाई, येशूनं दारू केली का?" तिच्या घरी काय आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. संचात यावर एक ओळ नाही. मी तिला सांगितलं की त्या देशात द्राक्षारस जेवणाबरोबर असायचा, लग्नात तो संपला म्हणजे त्या घराची चारचौघांत मान खाली गेली असती. मरियामातेनं ते आधी ओळखलं, आणि येशूनं त्या घराची अब्रू राखली. दारू घराची अब्रू घालवते. जो घर वाचवायला आला तो घर मोडणाऱ्या गोष्टीच्या बाजूला नाही. ती गप्प बसली, पण पुढच्या रविवारी आली. पुढच्या आवृत्तीत याबद्दल शिकवणाऱ्यांना चार ओळी द्याच. मराठवाड्यातल्या प्रत्येक वर्गात ही मुलगी बसलेली असते.

सगळ्यात मोठी चूक आता सांगते. याईराच्या मुलीचा तक्ता आहे. बारा वर्षांची मुलगी, येशू तिचा हात धरतो आणि म्हणतो, तलीथा कूम, मुली, ऊठ. आणि लगेच सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. अंगणवाडीत पोषण आहार वाटणाऱ्या बाईला हे वाक्य किती जवळचं वाटतं ते मी काय सांगू. मेलेली पोर उठवली आणि आधी तिच्या पोटाचा विचार केला. पण मार्कच्या पाचव्या अध्यायात याईराच्या घरी जाता जाता वाटेत एक बाई येते, बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली. मार्कनं ही गोष्ट त्या गोष्टीच्या पोटात ठेवली आहे. मुलीचं वय बारा, बाईचं दुखणं बारा वर्षांचं. संचवाल्यांनी ती बाई काढून टाकली. चोवीस तक्त्यांत कुठंच नाही.

का काढली ते मला कळतं. लेकरांपुढं कसं बोलायचं, हा संकोच. पण मी किशोरवयीन मुलींच्या बैठका घेते, पाळीबद्दल बोलते, आणि मला माहीत आहे की आजही कितीतरी घरांत मुलीला चार दिवस बाजूला बसवतात. त्या काळच्या नियमानं ही बाई बारा वर्षं बाजूला बसलेली होती. तिनं सगळा पैसा वैद्यांवर घातला आणि दुखणं वाढतच गेलं, असं मार्क सरळ लिहितो. ती गर्दीत मागून येऊन कपड्याला शिवते. येशू तिला सगळ्यांसमोर पुढं बोलावतो. रागवायला नाही. तिला मुली म्हणतो. मी एका साध्या ड्रॉइंग पेपरवर हा पंचविसावा तक्ता स्वतः काढून घेतला. चित्र आमच्या एका आठवीच्या मुलीनं काढलं. त्यात बाईचा चेहरा नाही, फक्त हात आणि कपड्याचा काठ. शिकवायला तेवढं पुरतं. मी तो याईराच्या तक्त्याच्या पुढं टाचून ठेवलाय, वाचताना क्रम मोडायला नको म्हणून.

आणि एका ठिकाणी मी कागद चिकटवून मजकूर झाकलाय. बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याच्या तक्त्याच्या तळाशी तात्पर्य म्हणून छापलंय: "विश्वास खरा असेल तर कोणताही आजार राहत नाही." हे वाचून माझे हात थरथरले. माझ्या मालकांना किडनीचा आजार होता, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका प्रार्थनासभेत त्यांना कुणीतरी सांगितलं की विश्वास असेल तर मशीन कशाला. त्यांनी दोन पाळ्या चुकवल्या. श्वास लागला, रात्री जीपनं शहरात नेलं. त्या वेळी वाचले, दीड वर्षानं गेले. जाईपर्यंत एकच विचारत होते, माझा विश्वास कमी पडला का गं?

कमी पडला नव्हता. चर्चची ही शिकवण नाही. त्याच धर्मशिक्षण ग्रंथात १५०८ व्या परिच्छेदात लिहिलंय की कितीही कळकळीनं प्रार्थना केली तरी प्रत्येक आजार बरा होतोच असं नाही, आणि संत पौलाचं उदाहरण दिलंय, ज्याच्या अंगातला काटा देवानं काढला नाही आणि सांगितलं, माझी कृपा तुला पुरे. चर्च स्वतः किती सावध असतं बघा: फ्रान्समधल्या लूर्डला १८५८ पासून आजारी माणसं जातात, कितीतरी जण बरं झाल्याचं सांगतात, डॉक्टर तपासतात, आणि अधिकृत मान्यता मिळालेले चमत्कार सत्तरच्या थोडेच वर. बार्तीमयाला येशू म्हणाला तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं, हे खरं. पण त्याचा अर्थ जो बरा झाला नाही त्याचा विश्वास खोटा, असा होत नाही. बार्तीमयानं अंगावरचं वस्त्र फेकून दिलं, भिकाऱ्याचं एकुलतं एक वस्त्र, आणि वाटेनं येशूच्या मागं निघाला. बोट तिकडं आहे. मी त्या तात्पर्यावर पांढरा कागद डकवला आणि पौलाचं वाक्य लिहिलं. स्टॉलवाल्यांमार्फत छापणाऱ्यांना पत्रही पाठवलंय. हे त्यांनी बदललंच पाहिजे.

याच लोकांनी जन्मांध माणसाचा तक्ता इतका चांगला केलाय, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर त्यांनी चित्राच्या वर, अर्ध्या तक्त्याएवढ्या अक्षरांत छापलंय: यानेही नाही, याच्या आईबापांनीही नाही. माझ्या वर्गात एक मुलगा पायानं अधू आहे. त्याच्या आईला लोकांनी काय काय ऐकवलंय, मागल्या जन्माचं, हिच्याच कर्माचं. तक्ता लावला तेव्हा तो पुढं सरकून बसला. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "बाई, हे मला वहीत लिहून द्या ना. आईला वाचता येतं." मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्याच्या घरी ते पान चुलीच्या वरच्या फळीला टाचलेलं मी नंतर पाहिलं, धुरानं पिवळं झालं होतं.

कागदाबद्दल थोडक्यात. तक्ते जाड आहेत, लॅमिनेशन चांगलं, पावसाळ्यात प्रार्थनामंदिरात ओल येते तरी फुगले नाहीत. स्पायरल मात्र हलकी, थोड्याच दिवसांत तुटली. अक्षर मागच्या रांगेतून दिसत नाही, पण चित्र दिसतं. क्यूआर कोडवर गोष्टी ऐकायला मिळतात म्हणे. आमच्या गावात तेवढी रेंज नसते.

आमचा धर्मप्रांत १९७७ साली झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून फ्रान्सालियन संघाच्या फादरांबरोबर गावोगावचे मास्तर पायी फिरून ह्याच गोष्टी तोंडी सांगत होते, कंदिलाच्या उजेडात, हातात एक पुस्तक. माझी आजी एका अशाच मास्तरांकडून शिकली आणि तिला वादळ शांत केल्याची गोष्ट मार्कच्या शब्दांत पाठ होती, उशीसकट. येशू नावेत उशीवर झोपला होता, हा बारकावा मार्कनेच दिलाय. चित्रात उशी आहे. ते बघून मला आजी आठवली.

घ्यावा का? ज्यांच्याकडं वर्ग आहे त्यांनी घ्यावा, पण बायबल उघडून शेजारी ठेवून. आधी उतारा वाचायचा, दोनदा, मग तक्ता उलटायचा. उलट केलं की चित्रच गोष्ट होऊन बसतं. आणि बार्तीमयाच्या तक्त्याचं तात्पर्य आधी झाकून टाका.

स्पायरल तुटली त्याचा एक उपयोग झाला. दिवाळीनंतर माझी सात लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, पार मार्चपर्यंत. तक्ते सुटे झालेच होते, म्हणून एका सातवीच्या मुलीबरोबर मी तीन पाठवले: वादळाचा, याईराच्या मुलीचा आणि पाच भाकरींचा, आणि सोबत मार्कचं छोटं पुस्तक. ती परत आली तेव्हा म्हणाली, कोप्यांवर रात्री बारा-तेरा लेकरं जमायची, सगळी काही आपली नव्हती, तरी ऐकायची. भाकरींच्या तक्त्यावर तेलाचा मोठा डाग आहे आणि एक कोपरा जळालाय. चुलीजवळ धरून दाखवत होती म्हणे, दुसरा उजेड नव्हता. त्या तक्त्याची एक सुटी प्रत मिळते का ते मी स्टॉलवर विचारणार आहे. जुना तिच्याकडंच ठेवलाय.